अण्णांचा शक्तिमान आणि लिलावातला ट्रक

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ५८, सहकारी संस्थेत नोकरी, पुढच्या वर्षी निवृत्ती. वडील, म्हणजे घरातले अण्णा, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. साठ-सत्तरच्या दशकांत ते श्रीनगर-लेह रस्त्यावर शक्तिमान ट्रक चालवत. मागच्या वर्षी अण्णा गेले. आता या वाचकांना लष्कराच्या लिलावातला जुना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारा, स्टॅलियन ट्रक घ्यायचा आहे. त्याच्यावर खोली बांधून कॅम्पर करायचा, पत्नीला घेऊन अण्णांच्या रस्त्याने लेहला जायचं आणि पुढे जिथं रस्ता संपेल तिथं मुक्काम करायचा, असा बेत आहे. एक एजंट साडेतीन लाखांत ट्रक काढून देतो म्हणतो, कागद मागनं होतील म्हणतो. एकूण १४ लाख रुपये बाजूला काढले आहेत. मुलगा म्हणतो, फंडाचे पैसे लोखंडात घालू नका. पत्नी म्हणते, "तुम्ही जावा, मी घरी राहते." त्यांचा प्रश्न असा: "मिलिटरीची गाडी कधी दगा देत नाही. मग घरच्यांना कसं पटवू?"

नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा अण्णांविषयी वाटलं. कॉन्व्हॉयमध्ये पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून झोजिलाची खिंड चढणारा माणूस तुम्ही दोन ओळींत उभा केला आहे. त्या रस्त्याने एकदा जावं ही तुमची इच्छा पुरी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तुमच्या प्रश्नातलं पहिलं वाक्य मी तसंच सोडून देऊ शकत नाही.

मिलिटरीची गाडी दगा देत नाही, असं तुम्ही लिहिता. अण्णांची गाडी दगा देत नसेल, यावर माझा विश्वास आहे. पण ती का देत नव्हती? शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला तयार होऊ लागला. मजबूत होता, साधा होता. पण तो एकटा कधीच नव्हता. त्याच्यामागे ईएमईची, म्हणजे लष्कराच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स कोअरची, माणसं होती. युनिटला आपला फिटर, मागे वर्कशॉप, त्याच्यामागे बेस वर्कशॉप. ठरलेल्या तारखेला तेल बदलायचं, ठरलेल्या किलोमीटरला ग्रीसिंग करायचं, सकाळी गाडी हलण्याआधी ड्रायव्हरने खाली वाकून बघायचं. घाटात बंद पडलीच तर ओढायला रिकव्हरीची गाडी. सुटा भाग कुठे मिळेल ही चिंता अण्णांना करावी लागली नाही, ती दुसऱ्या कुणाची तरी नोकरी होती.

लिलावात हे काहीच मिळत नाही. हत्ती मिळतो, माहूत मिळत नाही. आणि जो हत्ती मिळतो तो लष्कराने बाजूला काढलेला असतो. एवढं मोठं वर्कशॉप हाताशी असताना त्यांनी या ट्रकवर आणखी खर्च करायचा नाही असं ठरवलं, तेव्हाच तो लिलावात आला. एका परिचितांबरोबर मी असे लॉट, म्हणजे लिलावाला काढलेले गाड्यांचे गट, बघायला गेलो होतो. आवारात ओळीने उभे ट्रक, चाकाभोवती गुडघाभर गवत. मीटरवर आकडा फार कमी होता आणि परिचित त्यावरच खूश होते. पण लष्करी गाडी उभ्या-उभ्याही पुष्कळ चालते. इंजिनचे तास मीटरवर येत नाहीत. आणि जी खरोखरच उभी राहिली तिचं रबर वाळतं. ब्रेकचे होस, सील, डायफ्रॅम, टायर, सगळंच. टायरची नक्षी कोरी दिसते, पण बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचा. दहा-बारा वर्षांचा टायर नक्षी असली तरी घाटात वापरायचा नसतो.

आता एजंटचं वाक्य. "कागद मागनं होतील." तुमच्या पत्रातलं हे एकच वाक्य असं आहे की त्याच्यावर मी सरळ नाही म्हणेन.

लष्कराच्या गाडीची नोंद आरटीओकडे नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंदणी वेगळ्या अधिकाऱ्याकडे होते; बाण असलेली ती नंबर प्लेट म्हणूनच वेगळी दिसते. गाडी लष्कराच्या कामातून सुटली की तिला सामान्य गाडीसारखी नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे तुम्ही जुन्या गाडीचं नाव बदलून घेत नसता, तुम्ही एका जुन्या गाडीची आपल्याकडे पहिल्यांदा नोंदणी करायला जाता. लिलावाचं विक्रीपत्र, रिलीज ऑर्डर, चासी आणि इंजिन नंबरचा ठसा, निर्मितीचं वर्ष, यातलं एक जरी जुळलं नाही तरी तुमच्या दारात नोंदणी नसलेलं लोखंड उभं राहील. ते रस्त्यावर चालवता येत नाही, त्याचा विमा उतरत नाही, आणि विकायचं म्हटलं तर भंगाराच्या भावानेच जातं. आवारातून घरी आणायलासुद्धा ट्रेलर लागतो.

त्यात गाडीचं वय. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात द्याव्या लागतात. संरक्षण दलांच्या खास कामाच्या गाड्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे लॉटच्या कागदावर काय लिहिलं आहे याला फार महत्त्व आहे. गाडी "वाहन" म्हणून विकली जाते आहे की "भंगार" म्हणून? भंगार म्हणून विकलेली गाडी कितीही छान सुरू झाली तरी तिला नंबर मिळवून देण्याचं आश्वासन कुणाकडूनही घेऊ नका.

मग खोलीचा प्रश्न. तुमच्या गावाजवळच्या बॉडी बिल्डरकडून खोली बांधून घ्यायची म्हणता. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे ती उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कॅम्परसाठी वेगळं मानक आहे, एआयएस-१२४, आणि त्याची तपासणी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून व्हावी लागते. पुण्यातली एआरएआय, जिच्या नावाने कोथरूडची टेकडी ओळखली जाते, ती अशीच एक संस्था. कायदा आडवा येण्यासाठीच आहे असं समजू नका. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनसाठी नोंदणीत जागा आहे. पण आधी खोली बांधून मग परवानगी मागायला जाणं म्हणजे भिंती उभ्या करून नंतर नकाशा मंजुरीला देणं. आरसीवर मालवाहू ट्रक आणि आत पलंग-गॅस, अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. वहिनी मागे बसलेल्या असतील तर त्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हीच बघा.

परवान्याचंही बघा. हलक्या वाहनाची मर्यादा एकूण वजन ७,५०० किलो. स्टॅलियन रानात ५ टन आणि रस्त्यावर साडेसात टन बोजा वाहायला बनवलेला आहे; त्याचं भरलेलं वजन या मर्यादेच्या पुष्कळ पुढे जातं. म्हणजे जड वाहनाचा परवाना, त्याचं प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला आणि ठरावीक मुदतीनं नूतनीकरण. ५८ व्या वर्षी हे अशक्य मुळीच नाही. पण वयाच्या ६८ व्या वर्षीही ते निभावेल का, हा हिशेब आत्ताच करायचा. आणि हो, तो लष्करी हिरवा रंग ठेवता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तुमच्या मनातल्या चित्रातला हा भाग गेल्यावर चित्र किती उरतं, तेही एकदा बघा. मी हे खोचक म्हणत नाही. आवडीच्या वस्तूतला नेमका कुठला भाग आपल्याला हवा आहे, ते कळायला अशा प्रश्नांचा उपयोग होतो.

खोलीबद्दल आणखी एक, कारण ही चूक हौशी माणसं हमखास करतात आणि दुरुस्त करताना सगळं मोडावं लागतं. रानात जाणाऱ्या ट्रकची चासी पिळण्यासाठी बनवलेली असते. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात, अशा वेळी चारही चाकं जमिनीला लागावीत म्हणून लांब लोखंडी पट्ट्या वळतात. तुम्ही त्यावर घट्ट बोल्ट मारून ताठ खोली बसवली, तर पिळण्याचं सगळं बळ खोलीवर येतं. आधी दार अडकतं, मग कोपऱ्यात चीर पडते, मग पावसात पाणी येतं. म्हणून खोलीखाली वेगळी सबफ्रेम लागते, तीन बिंदूंवर टेकलेली किंवा स्प्रिंगवर बसवलेली. म्हणजे चासी हवी तशी वळते आणि खोली सरळ राहते. तुमच्या बॉडी बिल्डरला हे विचारा. "आपण चांगलं जाड अँगल लावू" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. जाड अँगलने हे सुटत नाही, वाढतं. वजन खाली ठेवा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. टाकी छतावर नको, चाकांच्या मधे आणि खाली हवी. रिकाम्या ट्रकचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असल्यामुळे तो दणके देतो. खोलीचं वजन कमी असेल तर आत बसणाऱ्याच्या कंबरेला ते लगेच कळतं.

चाकांना लॉक रिंग, म्हणजे टायर धरून ठेवणारी सुटी लोखंडी रिंग, असते तिथे हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायला हवं. रिंग नीट बसली नसेल तर ती उडते आणि माणूस जातो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे पिंजरा नसेल तर हवा भरून घेऊ नका, स्वतः तर नकोच.

आता मला ज्याच्याविषयी खरं बोलायचं होतं ते. सव्वा चार पानांच्या पत्रात वहिनींचं एकच वाक्य आहे. "तुम्ही जावा, मी घरी राहते." पुढे कंसात तुम्ही लिहिलं आहे, "तिचे गुडघे दुखतात, पण ते निमित्त आहे." ते निमित्त आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? स्टॅलियनची मागची फळी जमिनीपासून चार-साडेचार फूट उंच असते. त्यावर खोली. दिवसातून दहा वेळा वर-खाली. रात्री लघवीला उठायचं तर अंधारात, थंडीत, लोखंडी शिडी. केबिनमध्ये इंजिनची गरमी आणि इतका आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. आणि जिथे रस्ता संपतो तिथे बाथरूमही संपतं. बाईसाठी हा प्रश्न पुरुषापेक्षा दुप्पट मोठा असतो. वहिनींनी यातलं काही बोलून दाखवलं नसेल, पण चाळीसेक वर्षं घर चालवलेल्या बाईला हे एका नजरेत दिसतं. त्या प्रवासाला नाही म्हणत आहेत की ट्रकला, हे त्यांना विचारलं आहे का? माझा अंदाज, ट्रकला. पण माझ्या अंदाजाला किंमत नाही, त्यांच्या उत्तराला आहे.

आणि दुसरा प्रश्न तुम्हाला, जरा हळू विचारतो. तुम्हाला कॅम्पर हवा आहे, की अण्णांच्या रस्त्यावर अण्णांसारखं बसायचं आहे? दोन्ही खरं असू शकतं. पण दोन्हींचा मार्ग एकच असायला हवा असं नाही. अण्णांचा ट्रक शक्तिमान होता, स्टॅलियन नव्हे. स्टॅलियन त्यांच्या नोकरीनंतर बऱ्याच वर्षांनी आला. रस्ताही तो राहिलेला नाही. आज श्रीनगर-लेह हे सुमारे ४२० किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग आहे. ३,५२८ मीटरची झोजिला आणि ४,१०८ मीटरची फोतू ला ही वाटेतली मोठी चढणं, आणि मोसमात साध्या मोटारी ती रोज ओलांडतात. त्यासाठी फोर बाय फोर ट्रकची गरज नाही. खरी तयारी शरीराची लागते. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे पोचल्यावर दोन दिवस काहीही न करता विश्रांती, आणि निघण्याआधी दोघांची हृदय-रक्तदाबाची तपासणी. श्रीनगरकडून चढ हळूहळू येतो म्हणून तुमच्या वयाला मनालीपेक्षा हाच रस्ता बरा, आणि योगायोगाने तो अण्णांचाही आहे.

"रस्ता संपेल तिथे" हे वाक्य तपासा. मागच्या पाच वर्षांत तुम्ही दोघं जिथे जिथे गेलात किंवा जावंसं वाटलं त्या जागा कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे लिहा की तिथे साधी गाडी जाते का. बहुतेक सगळ्यांपुढे "जाते" येईल. उलट अडीच मीटर रुंदीचा जड ट्रक अनेक ठिकाणी जाणार नाही. कोकणातल्या गावाच्या गल्ल्या, नारळाच्या बागांमधले बोळ, पावसाळ्यात जड वाहनांना बंद होणारे वरंधसारखे घाट, दिवसा शहरात बंदी. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरचे नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलले आहेत. जुनं डिझेल घेऊन उत्तरेत निघणाऱ्याने निघण्याच्या आठवड्यात ते बघावेत, नाहीतर राजस्थान-पंजाबमार्गे जावं.

पैशांचा हिशेब थोडक्यात. साडेतीन लाखांवर जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर. वेळेत उचलला नाही तर आवाराचं जागाभाडं. ट्रेलर, नवे टायर, ब्रेक-क्लच-इंजिन, नोंदणी, खोली, तपासणी. मी अशा कामाचा ठोकताळा असा धरतो की एकूण पैशांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम गाडीच्या खरेदीत जाऊ नये, आणि चौथा हिस्सा पहिल्या वर्षीच्या अनपेक्षित दुरुस्तीसाठी न शिवता राहावा. तुमच्या १४ लाखांत हे कर सोडला तरच कागदावर बसतं, आणि तेही अगदी काठाला. डिझेल वेगळं. लिटरला चार किलोमीटर धरा. साताऱ्याहून श्रीनगरमार्गे लेह म्हणजे एका बाजूने अडीच हजार किलोमीटरच्या पुढे. जाऊन-येऊन साडेबाराशे लिटर, म्हणजे लाखाच्या पुढे फक्त इंधन. मुलगा रागाने बोलला असेल, पण फंडाबद्दलची त्याची भीती खोटी नाही. निवृत्तीनंतर दवाखान्यासाठी वेगळी रक्कम आहे का, एवढं त्याला दाखवा. बराचसा विरोध तिथेच मावळेल.

तर मग काय करावं?

मी तुमच्या जागी असतो तर या क्रमाने गेलो असतो. पहिल्यांदा आठ दिवस भाड्याने कॅरॅव्हॅन घेऊन वहिनींबरोबर कोकणात किंवा विदर्भात फिरलो असतो. २०२१ मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून हे सोपं झालं आहे. आठ रात्री चाकांवर झोपल्यावर दोघांनाही कळेल की पलंग केवढा हवा, स्वयंपाक आत की बाहेर, आणि मुळात हे आवडतं का. आवडलं तर फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीवरचा मान्यता असलेला कॅम्पर बघा. पायरी खाली, केबिनमधून आत चालत जाता येतं, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात.

एवढं करूनही लष्करी गाडीची ओढ तशीच राहिली, तर ती खरी आहे असं समजा आणि तिचा मान ठेवा. पण मग डेपोतून थेट उचलण्याऐवजी लिलावातून येऊन आधीच आरटीओ नोंदणी झालेली, चालती गाडी शोधा. चार पैसे जास्त जातील, पण कागदाचं ओझं दुसऱ्याने वाहिलेलं असेल. मोठ्या स्टॅलियनऐवजी टाटाचा अडीच टनी फोर बाय फोर किंवा सरळ जिप्सी बघा. दोघांना जिप्सी आणि तंबू पुरतो, आणि जिप्सीचा फिटर गल्लीत सापडतो. बघायला जाताना सैन्यातून निवृत्त झालेला ईएमईचा एखादा माणूस बरोबर न्या. तुमच्या जिल्ह्यात गावोगावी असे लोक आहेत, आणि अशा कामाला बोलावलेलं त्यांना आवडतं. तो चासीचा नंबर हाताने घासून वाचेल, डिफरन्शियलचं तेल बोटावर घेऊन दुधी आहे का, म्हणजे त्यात पाणी शिरलंय का, बघेल, ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, लिव्हर चारही जागी टाकून गाडी हलवेल. तो "नको" म्हणाला तर त्या दिवशी परत या.

आणि अण्णांचा प्रवास या सगळ्यासाठी थांबवू नका. त्यांचं डिस्चार्ज बुक काढा. त्यात रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचं, नाव असेल. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते घेऊन गेलात तर कुठे आणि कसं पत्र लिहायचं ते सांगतील. अण्णांचं युनिट कोणत्या वर्षी कुठे होतं याचा जो काही माग लागेल, त्यावरून मुक्कामांची यादी करा. द्रास, कारगिल, खालत्से. येत्या जूनमध्ये, झोजिला नीट सुरू झाल्यावर, श्रीनगरहून स्थानिक ड्रायव्हरची गाडी घ्या आणि दोघं जा. स्टिअरिंग दुसऱ्याकडे असलं की रस्ता बघता येतो. घाटात चहाला थांबाल तेव्हा लष्कराचा कॉन्व्हॉय जाईल, त्यात स्टॅलियन असतील. ड्रायव्हरला हात करा.

एजंटला आजच फोन करून नाही सांगा, बयाणा दिला असेल तर पावती मागा. आणि संध्याकाळी टेप घेऊन अंगणात साडेचार फुटांची खूण करा, वहिनींना दाखवा आणि मग त्या काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घ्या. मला पुन्हा लिहिलंत तर त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत पाठवा.